भरतीचे वय पंचाहत्तर

सप्टेंबर २०२५च्या दुसऱ्या पंधरवड्यात रोज संध्याकाळी सातच्या सुमारास अकोल्याहून माझ्या थोरल्या भावाचा फोन येत असे. प्रश्न एकच. "काहून रे, आलं का तुयं पुस्तक?" मी सांगे, "नाई आलं अजून, दादा." मग पलीकडे थोडी शांतता. त्यानंतर पाऊस, सोयाबीन, वहिनीची शुगर असे इकडचे तिकडचे विषय निघत. पण फोन कशासाठी केला होता हे दोघांनाही ठाऊक असे. दादा सदुसष्ट वर्षांचा आहे, मी एकसष्ट. या वयात दोन सख्खे भाऊ एका युद्धकादंबरीच्या पार्सलाची अशी वाट पाहतात, हे वाचून काहींना हसू येईल. येऊ द्यावे. मलाही ते अधूनमधून येत होते.

पुस्तक म्हणजे जॉन स्काल्झी या अमेरिकन लेखकाची 'द शॅटरिंग पीस' ही कादंबरी. 'ओल्ड मॅन्स वॉर' या मालिकेतील हे सातवे पुस्तक १६ सप्टेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाले. सहावे, 'द एंड ऑफ ऑल थिंग्ज', २०१५ साली आले होते. म्हणजे मध्ये दहा वर्षे गेली. या दहा वर्षांत मी नोकरीतून निवृत्त झालो, दादाच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि अमरावती-अकोला रस्ता चौपदरी झाला. (याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून विश्वविक्रम नोंदवला गेला होता. दादाच्या मते या विक्रमाचा खरा लाभार्थी मी, कारण मी दर रविवारी त्याच्याकडे जातो.) मालिका मात्र जिथे थांबली होती तिथेच थांबून होती.

मी मराठीचा प्राध्यापक होतो. अमरावतीत तीसेक वर्षे साहित्यप्रकार, समीक्षा आणि आधुनिक काव्य शिकवले. विद्यार्थ्यांना मी लोकप्रिय साहित्याविषयी जे सांगत असे ते पाठ्यपुस्तकी होते: त्यात साचा असतो, पुनरावृत्ती असते, वाचकाच्या अपेक्षेला ते धक्का देत नाही. हे सांगून झाल्यावर मी शिक्षकखोलीत येई आणि वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेले एक पुस्तक पिशवीतून काढून वाची. त्या वेष्टनाच्या आत अंतराळयाने, हिरव्या कातडीचे सैनिक आणि परग्रहांवरील लढाया होत्या. हा दुटप्पीपणा मी इतकी वर्षे निभावला याची आज थोडी लाज वाटते. ही कबुली त्या लाजेपोटीच.

आमच्या या व्यसनाची सुरुवात अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी झाली. सत्तरच्या दशकात तिथे भाड्याने पुस्तके देणारी लहान दुकाने होती. पानपट्टीएवढी जागा, दोरीवर चिमट्याने अडकवलेले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक, मागच्या फळीवर पाठीचे शिवण उसवलेल्या रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांचे 'झुंजार' आणि 'काळा पहाड' तोवर जुने झाले होते. नवे राज्य गुरुनाथ नाईकांचे होते. हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकाचा कॅप्टन दीप आमचा नायक होता. तो लष्करातला होता, आणि आमच्या गल्लीत लष्कर पाहिलेला माणूस एकही नव्हता. भाड्याचे पैसे दादा देई, म्हणून पहिला वाचनाधिकार त्याचा. तो वाचत असताना मी पायथ्याशी बसून त्याच्या चेहऱ्यावरून कथानक ओळखण्याचा प्रयत्न करी. नवे बंडल आल्याची खबर शाळेत पोहोचली की शेवटचा तास आम्हाला तास राहत नसे.

मालिकेच्या वाचकाची उत्सुकता ही सामान्य वाचकाच्या उत्सुकतेहून वेगळी असते. एकट्या कादंबरीकडे आपण अनोळखी माणसाकडे जावे तसे जातो. मालिकेचा नवा भाग हाती घेताना मात्र गावी परतणाऱ्या एसटीत बसल्यासारखे वाटते: कोण भेटेल हे ठाऊक असते, कोण नसेल याची धास्ती असते. साचा आणि पुनरावृत्ती हे दोष मी वर्गात मोजून दाखवत असे; पण त्या पुनरावृत्तीतच वाचकाला स्वतःचा काळ मोजता येतो, हे मला वर्गात कधी सांगता आले नाही. पात्र तेच, आणि वाचणारा प्रत्येक वेळी वेगळ्या वयाचा.

१९७७ साली दादा सैन्यात गेला. पुढे अनेकांनी विचारले, कॅप्टन दीप वाचून गेला का? त्याचे उत्तर ठरलेले असे: "भरती निघाली होती, मनून गेलो." घरी तीन एकर कोरडवाहू, वरून तो दहावी पास, यात कॅप्टन दीपला श्रेय द्यावे असे फारसे काही नव्हते. जबलपूरला प्रशिक्षण झाले आणि तो सिग्नल्समध्ये लागला. पंचवीस-सव्वीस वर्षे त्याने संदेश पाठवले आणि घेतले. कॅप्टन दीपसारखी बंदूक त्याने कधी कोणावर चालवली नाही. सुट्टीवर आला की मी युद्धाच्या गोष्टी विचारी आणि तो जेवणाच्या गोष्टी सांगे.

स्काल्झीशी माझी गाठ २००७ साली पडली. पुण्यात उजळणी वर्गासाठी गेलो होतो. जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'ओल्ड मॅन्स वॉर' दिसले. ते २००५ साली पुस्तकरूपात आले होते. त्याआधी लेखकाने ते स्वतःच्या संकेतस्थळावर क्रमशः दिले होते आणि तिथे वाचून प्रकाशकाने ते मागून घेतले, ही हकीकत मला नंतर कळली. त्या दिवशी मला खेचले ते नावाने. म्हाताऱ्याचे युद्ध! आमच्या परंपरेत म्हाताऱ्याचे युद्ध म्हणजे भीष्म. हा कोण नवा?

कल्पना अशी. माणूस अंतराळात वसाहती करतो आहे आणि त्या टिकवण्यासाठी त्याला सैन्य लागते. या सैन्यात भरतीचे वय पंचाहत्तर. पासष्टाव्या वर्षी तुम्ही इरादा लिहून देता, पंचाहत्तराव्या वर्षी पृथ्वी सोडता. परत यायचे नाही. कायद्याने तुम्ही मृत. मोबदल्यात मिळते एक नवे, तरुण, घडवलेले शरीर, आणि त्या शरीराने करायची लढाई. दोन वर्षांचा करार प्रत्यक्षात दहा वर्षांचा होतो. जगलात तर एखाद्या वसाहतीत जमीन मिळते. पत्नीच्या मृत्यूनंतर एकटा उरलेला जॉन पेरी या सैन्यात भरती होतो. विनोदी, चटपटीत संवादांनी भरलेली ही कादंबरी मी परतीच्या प्रवासात पुणे ते बडनेरा रात्रभर वाचली.

दादा तोवर निवृत्त होऊन अकोल्यात स्थिरावला होता. त्याला इंग्रजी वाचता येते, पण कादंबरी वाचण्याइतके नाही. म्हणून मी त्याला ती सांगितली. एका बैठकीत संपणारी नव्हती. तीन रविवार लागले. लहानपणी तो वाची आणि मी वाट पाही, आता मी वाचत होतो आणि वाट तो पाहत होता. इंग्रजीतून वाचलेले वऱ्हाडीतून सांगताना एक गंमत झाली. अंतराळातला सार्जंट आमच्या बोलीत इतका चपखल बसला की त्याचा मूळ आवाज मला पुढे आठवेनासा झाला. पहिले पुस्तक संपल्यावर मी दादाला विचारले, तू करशील का सही? तो क्षणभरही थांबला नाही. "नवे गुडघे भेटत असतीन त आत्ता करतो."

दुसरे पुस्तक 'द घोस्ट ब्रिगेड्स'. यातली विशेष पथके अशा माणसांच्या पेशींपासून घडवलेली आहेत, ज्यांनी इरादा लिहून दिला होता पण जे पंचाहत्तरीच्या आत वारले. मेलेल्या माणसाच्या बीजापासून नवा सैनिक, जुन्या आठवणींशिवाय. पहिल्याच पुस्तकात पेरीला आपल्या मृत पत्नीच्या चेहऱ्याची स्त्री रणांगणावर भेटते, ती या पथकांतली. मी मोठ्या उत्साहाने हे सांगत होतो. अस्मिता, स्मृती, देह आणि आत्म याविषयीची माझी टिपणे मनात तयार होती. दादाने मध्येच थांबवले.

"मंग घरी कोन कळवते?"

"काय?"

"थो पुन्हा मेला त. घरी कोन कळवते?"

मी म्हणालो, कोणी कळवत नाही. कायद्याने ती माणसे आधीच मेलेली आहेत. घर उरलेलेच नाही. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे बरं काढलं त्यानं. सरकारचं एक काम कमी झालं." त्या स्वरात विनोद नव्हता.

मी अमरावतीला परतलो आणि या प्रकारच्या साहित्याचा मागोवा घेऊ लागलो, थोडेसे त्या प्रश्नाला बगल देण्यासाठीच. सैनिकी विज्ञानकथा हा प्रकार इंग्रजीत जुना आहे. रॉबर्ट हाइनलाइनची 'स्टारशिप ट्रूपर्स' १९५९ची. सैनिकी कर्तव्याला नागरिकत्वाचा पाया मानणारी. लेखक स्वतः नौदलात होता आणि क्षयामुळे त्याला ते सोडावे लागले होते. जो हाल्डेमन व्हिएतनाममध्ये जखमी होऊन परतला आणि त्याने 'द फॉरएव्हर वॉर' लिहिली (१९७४). तिच्यातील सैनिक प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास प्रवास करतात, त्यामुळे त्यांची काही वर्षे होतात तेव्हा पृथ्वीवर शतके उलटलेली असतात. परतणाऱ्या सैनिकाला आपला समाज परका वाटतो, या अनुभवासाठी याहून नेमके रूपक मला दुसरे ठाऊक नाही. एक पुस्तक भरतीच्या कचेरीत उभे राहून लिहिलेले, दुसरे परतीच्या फलाटावर. स्काल्झी कधी सैन्यात नव्हता. तो या दोन्ही पुस्तकांच्या मधल्या जागेत, थोडा हसत, थोडा साशंक असा उभा आहे.

मराठीत हा प्रकार रुजला नाही. विज्ञानकथा रुजली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, तेव्हापासून तिला प्रतिष्ठाही मिळाली. युद्ध तर आमच्या कादंबरीचे लाडके क्षेत्र. पण दोन्ही एकत्र आले नाहीत. माझ्या मते याचे कारण असे, की मराठी मनाने युद्ध भूतकाळात ठेवले आहे. हरिभाऊंच्या 'गड आला पण सिंह गेला'पासून विश्वास पाटलांच्या 'पानिपत'पर्यंत आपण लढतो ते मागे वळून. नारळीकरांनाही युद्धाची विज्ञानकथा लिहावीशी वाटली तेव्हा त्यांचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे गेले कुठे? ज्यात विश्वासराव बचावले आणि मराठे जिंकले अशा पानिपताकडे. (ती कथा 'द ॲडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात समाविष्ट झाली, तेव्हा आमच्या इंग्रजी विभागातील सहकारी माझ्याकडे पानिपत समजून घ्यायला आले होते. माझ्या सेवाकाळातील तो एक अभिमानाचा दिवस.) भविष्यात आपले सैन्य असेल, ते कोणाशी लढेल, कशासाठी लढेल, त्यात आपली पोरे असतील का, हे प्रश्न आम्ही कल्पनेतही विचारत नाही. प्रत्यक्षात मात्र वऱ्हाडातल्या खेड्यांमधून पोरे भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावत असतात. त्यांचे साहित्यात काही नाही. ना भूतकाळात, ना भविष्यात.

हा मुद्दा मी एकदा दादाला ऐकवला. तो म्हणाला, "आपल्याकडची लढाई तरी कुठं आहे पुस्तकात?" त्याला आडगाव म्हणायचे होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यातील आडगावजवळ आर्थर वेलस्लीच्या सैन्याने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. दोन आठवड्यांनी, १५ डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन भोसल्यांचे वऱ्हाड गेले. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच वेलस्ली. इतकी मोठी घटना आमच्या ज्वारी-कपाशीच्या शेतांत घडली, आणि तिच्यावर जगभर वाचली जाणारी कादंबरी लिहिली ती बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाने. 'शार्प्स फोर्ट्रेस', १९९९. तीही मालिकेतलीच! रिचर्ड शार्प नावाच्या सैनिकाच्या कथांची ही लांबलचक मालिका आहे, आणि त्यातले हे पुस्तक आडगावच्या लढाईने सुरू होऊन गाविलगडावर संपते. प्रत्यक्षात आतल्या किल्ल्याच्या तटाला शिड्या लावून चढली ती ९४व्या पलटणीची तुकडी, कॅप्टन कॅम्बेलच्या हाताखाली. कादंबरीकाराने ते श्रेय आपल्या शार्पला दिले आहे. कादंबरीकाराचा तो हक्कच आहे. आपल्या लोकांपैकी कुणी तो हक्क बजावला नाही, ही तक्रार त्याच्याकडे कशी करावी?

ते पुस्तक वाचून झाल्यावर आम्ही दोघे गाविलगडावर गेलो. हिवाळा होता, दादाचे गुडघे तेव्हा बरे होते. पडक्या तटावर बसून मी त्याला चढाई कुठून झाली, भिंत कुठे फोडली, किल्लेदार बेनीसिंग कसा लढून मेला हे सांगत होतो. वाचलेले सगळे डोळ्यांपुढे दिसत होते आणि मी बाराव्या वर्षी होतो तितकाच हरखलो होतो. दादा खाली दरीकडे पाहत होता. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. इथे जी माणसं मेली, त्यांच्या घरी कुणी कळवलं? वेलस्लीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे खलित्यांत गेली, छापली गेली. आतल्या माणसांची नावे? दोन्ही बाजूंच्या शिपायांची, पखालीवाल्यांची, बैल हाकणाऱ्यांची? मी म्हणालो, माहीत नाही. तो म्हणाला, "मंग मालिका कायची? अर्धीच सांगू राहिला तू."

त्या संध्याकाळी चिखलदऱ्याहून उतरताना त्याने मला एक गोष्ट सांगितली. ती मी त्याच्या परवानगीने लिहितो आहे.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतर सैन्य सीमेवर गेले. 'ऑपरेशन पराक्रम'. ऑक्टोबर २००२ पर्यंत, सुमारे दहा महिने, लाखो माणसे युद्धाची वाट पाहत सीमेवर बसून राहिली आणि युद्ध झाले नाही. दादाच्या नोकरीतली ती शेवटची वर्षे. राजस्थानात, वाळूत, सिग्नल सेंटरवर. शेतांमधून सुरुंग पेरले जात होते, आणि सुरुंग पेरताना अपघात होत. एका रात्री त्याच्या हातून एक संदेश गेला. नंबर, हुद्दा, नाव, गाव. गाव आपल्याकडचे होते, वऱ्हाडातले. त्या गावच्या जत्रेला आम्ही लहानपणी बैलगाडीने गेलो होतो. संदेश पाठवताना अक्षर चुकता कामा नये, म्हणून नाव एकेक अक्षर सुटे करून सांगायचे, पलीकडच्याने ते परत म्हणायचे, आपण तपासायचे. दादाने ते केले. "त्याच्या मायले समजाच्या आंधी मले समजलं," तो म्हणाला. "दोन दिवस मी त्या गावात एकटाच होतो." 

हे वाक्य मी वर्गात शिकवलेल्या कुठल्याही कवितेइतके माझ्याबरोबर राहिले आहे. घडलेले मरण आणि कळलेले मरण यांच्यामध्ये जो काळ असतो, त्या काळात माझा भाऊ एकटा उभा होता, आणि ती जागा कुठल्याही युद्धकथेत नाही असे त्याला वाटत होते. कॅप्टन दीपमध्ये नव्हती, शार्पमध्ये नव्हती. स्काल्झीने तर ती युक्तीने काढूनच टाकली होती: भरती होणारा माणूस आधीच मेलेला! पण म्हणूनच मला वाटते, दादाला हीच मालिका लागली. जिथे लेखकाने प्रश्न पुसला होता तिथे तो पुसल्याची खूण शिल्लक होती.

पुढची पुस्तके मी त्याच्या कानांनी वाचली. २००७च्या 'द लास्ट कॉलनी'त पेरी बंदूक ठेवून एका नव्या वसाहतीचा कारभारी होतो. २००८च्या 'झोईज टेल'मध्ये त्याच घटना त्याच्या मानलेल्या मुलीच्या तोंडून येतात. समीक्षक म्हणून मला हे पुनःकथन म्हणजे लेखकाची काटकसर वाटली होती. दादा म्हणाला, "घरी काय झालं थे आत्ता कळलं." २०१३च्या 'द ह्यूमन डिव्हिजन'चे तेरा भाग आधी दर आठवड्याला एक असे इलेक्ट्रॉनिक रूपात आले, ते मी पुस्तक झाल्यावर वाचले, पण दादाला मुद्दाम दर रविवारी एक याप्रमाणेच सांगितले. त्यात सैनिकांपेक्षा वाटाघाटी करणारे, निरोप नेणारे, दुसऱ्या फळीतले राजनैतिक अधिकारी आहेत, आणि त्यांच्याबरोबर हॅरी विल्सन हा तांत्रिक कामाचा सैनिक. दादाने त्याला लगेच ओळखले. "हा आमच्या खात्याचा." मालिका हळूहळू बंदुकीकडून निरोपाकडे सरकत होती, हे माझ्या लक्षात आणून दिले ते एका निवृत्त सुभेदाराने.

म्हणून सातव्या भागाची घोषणा झाली आणि त्याची नायिका ग्रेचेन ट्रुहियो आहे असे वाचले, तेव्हा मी फोन उचलला. ग्रेचेन म्हणजे झोईची बालमैत्रीण. आता मोठी झालेली, राजनैतिक सेवेतली. एक वसाहत नाहीशी झाली आहे आणि तिचा शोध घ्यायला तिला पाठवले आहे. लढाईला नाही, काय झाले ते कळवायला! दादा म्हणाला, "मंग मांगव लवकर."

पुस्तक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दसरा उलटल्यावर आले. आमच्यात अलिखित करार होता, की नवे पुस्तक मी अकोल्यात, त्याच्यासमोर उघडायचे. तो मी मोडला. शनिवारी रात्री दोन प्रकरणे वाचली आणि चोरी पकडली जाऊ नये म्हणून पाने दाबून सपाट केली. रविवारी सकाळी बडनेऱ्यावरून निघालो. मूर्तिजापूर, बोरगाव मंजू मागे पडले. शेतांत सोयाबीनची सोंगणी चालली होती, पावसाने काळे पडलेले ढीग ताडपत्रीखाली होते. मांडीवर पुस्तक होते आणि मला पोटात तसेच होत होते, जसे मोर्णेकाठच्या दुकानात नवे बंडल सुटताना होई. एकसष्टाव्या वर्षी शरीर ही खूण विसरलेले नाही, याचे मला नवल वाटले.

दादा ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. वहिनींनी चहा दिला आणि त्या म्हणाल्या, "भाऊजी, यायले सकाळपासून तीन वेळा घड्याळ पायलं." मी पुस्तक त्याच्या हाती दिले. त्याने ते उलटेपालटे केले, पाठीवर लेखकाचे नाव बोट फिरवून वाचले, वजन पाहिले, परत दिले. सुरू करण्याआधी मी पुन्हा जुना प्रश्न विचारला. आता तुझी आठ वर्षे उरली, माझी चौदा. करशील सही? इरादा लिहून देण्याचे वय तर तुझे उलटूनही गेले.

त्याने गुडघ्यांवरून हात फिरवला. "नवे गुडघे त पाह्यजेतच," तो म्हणाला. "पन परत येता येत नाई म्हनतेत न? मंग तू रविवारी कोनाकडं जाशीन?"

मी वाचायला, म्हणजे सांगायला, सुरुवात केली. काल चोरून वाचलेली दोन प्रकरणे जरा जास्तच सफाईने आली. मला वाटते त्याला ते कळले, पण तो बोलला नाही. तिसऱ्याच्या शेवटी ग्रेचेन कुठे निघाली आहे हे स्पष्ट होऊ लागले आणि मी पान उलटले. दादाने हात वर केला.

"आता थांब. बाकीचं पुढच्या रविवारी."

"अरे, दहा वर्षं थांबलो आपण."

"म्हनूनच," तो म्हणाला आणि वहिनींना जेवणाची पाने घ्यायला सांगितली.